परत आल्यावर खा

आक्काच्या खानावळीत माणूस जेवायला टेकला की ती आधी त्याचं तोंड बघत नसे, पाय बघायची. वहाणा रोजच्या आहेत की नवा तळ मारून आणल्यात, पोटऱ्यांवरची धूळ गावातली आहे की लांबच्या वाटेची, शेजारी गाठोडं टेकवलंय का, सगळं एका नजरेत. मग विचारायची, "कुठं निघालास रे?" माणूस म्हणाला, "कुठं न्हाई, हितंच पेठंत हाय कामाला," तर त्याच्या ताटलीत माशाची मुंडी पडायची. "जरा लांब जायचं हाय," असं म्हणाला की मुंडी पातेल्यातच राहायची. मग तो हातापाया का पडेना. आक्का पळी खाली ठेवायची आणि म्हणायची, "मुंडी माझ्याकडं. परत आल्यावर खा."

मासे खाणाऱ्याला मुंडीचं मोल मी काय सांगू! गालफडातला तो लोण्यासारखा घास, आणि हाडात मुरलेलं कालवण चोखून घ्यायचं सुख. ते नाकारलं की माणूस चिडायचाच. एकदा एक गाडीवान म्हणाला, "आक्का, तासगावला चाललोय, काशीला न्हाई!" तर ही म्हणते, "तासगाव काय नि काशी काय. बैलाच्या मनात काय हाय ते तुला सांगितलान काय त्यानं?" सगळी पंगत हसली. गाडीवानही हसला. पण मुंडी काही मिळाली नाही त्याला.

मी मूळची कवठे महांकाळच्या बाजूची. आमच्याकडं प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं मासा कुठला? सासर विट्याकडचं, तिथंही तीच गत. लग्न होऊन सांगलीला आले, कारण आमचे हे हळदीच्या पेठेत तोलाईला होते. नदीकडं उतरणाऱ्या बोळात आमची एक खोली, आणि तिच्या भिंतीला भिंत लावून आक्काची खानावळ. खानावळ कसली, पत्र्याची लांबडी पडवी, चार पोती अंथरलेली, दोन चुली आणि जर्मनच्या ताटल्यांची उतरंड. पेठेतले हमाल, गाडीवान, घाटावरचे परीट, कधी कुणी कोर्टाच्या कामाला आलेला शेतकरी, असे तिचे गिऱ्हाईक. पाटी नव्हती. कालवणाचा वास हीच पाटी. आमच्या ह्यांचं नाक पगाराच्या दिवशी आपोआप तिकडं वळायचं. म्हणायचे, "चल गं, आज चूल पेटवू नको."

मी आयुष्यातला पहिला मासा तिथं खाल्ला आणि पहिल्याच घासाला काटा टाळूत रुतवून घेतला. डोळ्यांतून पाणी. आक्कानं भाताचा कोरडा गोळा करून माझ्या तोंडात कोंबला आणि पाठीवर थाप मारली. "घाई नको गो बाय. मासा काट्यानंच बोलतो. हळू जेव म्हणून सांगतो." त्या दिवसापासून तिनं मला हाताशी बसवून मासा खायला शिकवला. शेपटीकडनं सुरुवात करावी, बोटांनी चाचपावं, मग तोंडात घालावं. नदीतला मरळ, शिंगाळा असं काय मिळेल ते नामा भोई सकाळी आणून टाकायचा. जाळं रिकामं आलं की घाटापलीकडनं आलेला खारा बांगडा असायचा. तिची सोलंही, म्हणजे आमसुलं, तिकडचीच. काळीभोर, आंबट. रोज पहाटे उठली की आधी वाटीत सोलं भिजत घालायची, मग तोंड धुवायची.

ती कोकणातली. सांगलीत राहून आमच्यासारखं बोलायला शिकली होती, पण जीव कासावीस झाला की कोकणी हेल यायचा. तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्या पेठेची ती आक्का. उंच, वाळकी, कपाळ मोकळं, आणि हात मात्र एखाद्या मल्लाचे असावेत तसे. वाटण वाटताना पाट्यावर तिचा वरवंटा चालला की आमच्या खोलीतली भांडी किणकिणायची.

मुंडीची गोष्ट तिनं मला एका दुपारी वाटण वाटता वाटताच सांगितली. तिचा एकुलता एक मुलगा बोटीवर खलाशी म्हणून गेला. निघायच्या दिवशी तिनं त्याला मोठा मासा करून घातला. "आख्खा खाल्लान गो. मुंडी खाल्लान, शेपटी खाल्लान, ताटली पुसून घेतलान. मी मेली कौतुकानं बघत बसले. आणि उंबऱ्यावर म्हटलं, जा बाबा. 'ये' नाय म्हटलं, 'जा' म्हटलं." वरवंटा थांबला होता. "मागं काय ठेवलानच नाय त्यानं. मागं काय ठेवलं नाय तर माणसानं परतायचं कशाला?" तो परतला नाही. त्याच्या बोटीचं काय झालं ते कुणी तिला नीट सांगितलंही नाही. ती घाट चढून वर आली ते समुद्र दिसू नये म्हणून, असं ती म्हणायची. आणि येऊन राहिली ती नदीकाठी. आता याला काय म्हणावं?

तेव्हापासून तिचा हा नेम. लांब जाणाऱ्याची मुंडी मागं ठेवायची. त्या मुंड्यांचं ती काय करते हे मला आधी माहीत नव्हतं. एकदा पहाटे घागर घेऊन घाटावर गेले तर ही पायऱ्यांवर उभी. हातात बांबूची टोपली. आदल्या दिवशीच्या मुंड्या एकेक करून पाण्यात सोडत होती आणि प्रत्येकीबरोबर पुटपुटत होती, "ही तासगावच्या गाडीवानाची. ही त्या काळ्या पोराची, मिरजेच्या. सांभाळ गो बाय. आला की सोड." नदीकडं ठेव ठेवत होती ती. मला त्या वेळी हसू आलं. तरुण होते.

मग लढाई सुरू झाली आणि खानावळीत जमादार येऊ लागला.

हा जमादार आधीच्या लढाईत लढून आलेला, एका पायानं अधू, पांढऱ्या मिशा वर वळवलेल्या. खेड्यापाड्यांतनं पलटणीत जायला तयार झालेली पोरं गोळा करायची, सांगलीत आणायची, पोटभर जेवू घालायचं आणि मिरजेला गाडीत बसवून बेळगावला न्यायची, हे त्याचं काम. माणूस वाईट नव्हता हो. पोरांना स्वतःच्या हातानं काटे काढून द्यायचा. "भरल्या पोटी पोरगं रडत न्हाई," हा त्याचा सिद्धांत. दुष्काळी भागातली पोरं ती, जन्मात मासा न खाल्लेली. ताटलीकडं अशी बघायची जशी काय लग्नाची पंगत आहे. आणि आक्का त्यांच्या पायांकडं बघायची. काही पोरं तर अनवाणीच असायची. त्यांना काही विचारावं लागत नसे.

वर्ष दोन वर्षं गेली आणि आमच्या भागात एक बोलणंच पडलं. बाया पाणवठ्यावर दबक्या आवाजात विचारायच्या, "तिच्या पोराला जमादारानं मासा चारला म्हनं?" म्हणजे समजायचं, पोरगं गेलं पलटणीत. काही घरांत सरकारी कागद येऊ लागले होते. कुणाचं पोर ब्रह्मदेशाकडं, कुणाचं आणखी कुठल्या न ऐकलेल्या मुलखात. आणि आक्काची सकाळची टोपली जड होत गेली.

त्याच सुमाराला एका सकाळी नामा भोई मासे टाकायला आला तो तसाच उभा राहिला. म्हणाला, "आक्का, आता मुंड्या टाकू नगा घाटावर."

"का रे? तुझ्या बापाची नदी हाय?"

"माझ्या बापाची न्हाई, पर आत एक हाय. वरच्या डोहातली मगर खाली आलीया. तुमच्या वक्ताला येतीया बगा. आदी न्हाई, मागनं न्हाई. तुमी आलासा की येतीया."

आक्का मासे निवडत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "नदीला तोंड नको काय? मी ठेव देत्ये ती तिनं घ्यायची कशानं?"

मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघायला गेले. आक्कानं पहिली मुंडी सोडली. पाणी संथ होतं, हिरवं. मग मधोमध दोन काळ्या गोट्या वर आल्या. नुसत्या दोन गोट्या. त्या जवळ येत नव्हत्या, लांब जात नव्हत्या. बघत होत्या. मी घागर न भरताच परत फिरले.

आणि त्याच उन्हाळ्यात आमचा किसन आला.

किसन माझा धाकटा दीर. मिसरूड नुकतंच फुटलेलं, गालाला खळी, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारा. त्याला खरं तर चुलत्याबरोबर लांबच्या शहरात सोनं गाळायच्या दुकानात धाडायचं ठरलं होतं. आमच्या विट्याकडची निम्मी पोरं तोच धंदा करतात. पण हा जमादाराच्या नादी लागला. सासूबाई त्याच्याबरोबर सांगलीपर्यंत आल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. त्याला अडवायचं थांबवून त्यांनी माझा हात धरला. "सूनबाई, माझं शेंडेफळ तुझ्या वटीत घालते. त्यो परत आलेला तू मला दावायचा." आता मी काय करणार होते? मी कोण, पलटणीची राणी? पण मी मान हलवली. त्या मान हलवण्याचं ओझं मी पुढं कितीतरी दिवस वागवलं.

दुपारी खानावळीत पंगत बसली. जमादार, आणखी तीनचार पोरं, कडेला किसन. मी आक्काला सकाळीच सांगून ठेवलं होतं, "आक्का, आमचा हाय. त्याची मुंडी नीट ठेवा."

"तुझा तो माझा गो. काळजी नको," ती म्हणाली होती.

त्या दिवशी नाम्यानं मोठा मरळ आणला होता. एकाच माशात पातेलं भरलं. किसननं भाकरी कुस्करली, कालवण ओतून घेतलं आणि ओरडला, "आक्का, मुंडी कुठाय? वास तर लय भारी सुटलाय!"

"परत आल्यावर खा."

"आन् परत न्हाई आलो तर मुंडी वाया जायची की वो!"

हसला तोच एकटा. आक्का चुलीवरची भाकरी उलटायला वळली होती. जमादाराला वाटलं असावं की वातावरण हलकं करावं. तो म्हणाला, "आक्का, तिकडं शिराळ्याला नागपंचमीला माणसं जित्ता नाग हातात धरत्यात, आन् तुमी मेलेल्या मुंडीला भिताय व्हय! खा रं पोरा." आणि त्यानं पातेल्यात पळी घालून मुंडी उचलली ती थेट किसनच्या ताटलीत.

आक्का वळेपर्यंत किसननं ती फोडली होती. गालफड तोंडात होतं.

तिचा चेहरा मी पाहिला. मी पुष्कळ मरणं पाहिली आहेत पुढं, घरातली, दारातली. पण माणूस जिवंत असून चेहऱ्यावरनं रंग असा उतरताना पुन्हा पाहिला नाही. ती धावत आली, किसनच्या ताटलीतला शेपटीचा तुकडा हिसकावून घेतला आणि मुठीत धरला. रस्सा कोपरापर्यंत ओघळला. "ही तरी ठेव रे," ती म्हणाली. "ही तरी माझ्याकडं ठेव. ही परत आल्यावर खा."

किसन बावरला. मग समजूत घालावी तसं म्हणाला, "बरं आक्का. शेपटी तुमच्याकडं. आलो की आदी तुमच्याकडंच येतो बगा, घरी न्हाई."

"येतो म्हणालास ना?"

"येतो म्हणालो की."

टांगा मिरजेकडं वळला तरी ती पत्र्याखाली मूठ आवळून उभी होती.

आजही माझ्या घरातनं कुणी लांब निघालं की मी ताटातलं काहीतरी काढून घेते. मासाच पाहिजे असं नाही. लाडू असेल, भाकरीचा चतकोर असेल. नातवंडं हसतात. म्हणतात, आजी, विमानात बसायचंय, भुकेला ठेवू नको. हसू देत. त्यांनी तो ओघळलेला हात पाहिला नाही.

किसन गेला आणि खानावळीचा सूर बदलला. आक्का बोलायची, वाढायची, गाडीवानाची फिरकी घ्यायची, पण मध्येच थांबायची, कान देऊन. काय ऐकायची कोण जाणे. किसनची खुशाली अधूनमधून येई. मग ती येईनाशी झाली.

पावसाळा सरल्यावर एक म्हातारा आला. डोईला मळकं मुंडासं, हातात काठी. जेवायला आला असं वाटलं म्हणून आक्कानं सवयीनं त्याचे पाय बघितले. तो म्हणाला, "माजं लेकरू हितं जेवलं हुतं, पलटणीत जायाच्या आदी. त्यानं कळवलं हुतं, मासा लय ग्वाड हुता, पर मुंडी न्हाई दिली. परत गेल्यावर खानार हाय म्हनला."

आक्कानं हातातली पळी खाली ठेवली.

"सरकारचा कागद आला," म्हातारा म्हणाला. "आता ती मुंडी मला द्या."

आक्कानं त्याला भिंतीशी, जिथं ती पोरं बसायची तिथं बसवलं. त्या दिवशीची सगळ्यात मोठी मुंडी वाढली. म्हाताऱ्याला खाता येत नव्हतं, दात नव्हते. पण त्यानं ती चोखून चोखून संपवली, डोळे गळत होते, कालवणात पडत होते. हात धुऊन त्यानं आक्काला नमस्कार केला. निघताना म्हणाला, "ग्वाड हुता खरं."

तो गेल्यावर आक्का माझ्याजवळ येऊन बसली. "ठेव बुडाली गो," ती म्हणाली. "नदीनं ठेव बुडवलीन. ज्याची मुंडी ठेवली तो नाय आला. मग ज्याची ठेवलीच नाय..." मला सासूबाईंचा हात आठवत होता.

इथनं पुढं ते सुरू झालं. आक्कानं ठरवून टाकलं की नदी रागावली आहे. सगळ्यांच्या मुंड्या दिल्या आणि एका किसनची दिलीच नाही, म्हणून ती हिशेब पुरा करून घेणार. मग ती रोज, कुणी लांब जाणारा जेवून गेलेला असो नसो, दिवसातली चांगली मुंडी किसनच्या नावानं काढू लागली. जेवायला बसलेल्या रोजच्या हमालांनाही मुंडी मिळेनाशी झाली. ते कुरकुरले, पण तिच्या तोंडाकडं बघून गप्प झाले. आणि आधी ती वरच्या पायरीवरनं सोडायची, ते बंद केलं. म्हणायची, "भिरकावलेलं देणं हे काय देणं? भिकाऱ्यालासुद्धा आपण हातात देतो." म्हणून ती पाण्यालगतच्या पायरीपर्यंत उतरायची, वाकायची, आणि मुंडी पाण्यावर अलगद ठेवायची.

नदी उतरू लागली तशी पायरी खाली खाली जाऊ लागली. घाटाच्या कडेच्या चिखलात एका सकाळी येसबा परटाला पोट घासत गेल्याचा चर दिसला, हातभर रुंद. पुढच्या आठवड्यात धुण्याच्या दगडाजवळ बांधलेली शेळी गेली. दाव्याचा तुकडा राहिला. परटांनी दगड सोडला, वरच्या अंगाला धुवायला जाऊ लागले. बायांनी घागरी दुसऱ्या घाटावर न्यायला सुरुवात केली. त्या घाटावर एकटी आक्का उरली.

मी तिच्यापुढं आडवी झाले होते एकदा, बोळात, दोन्ही हात पसरून. "आक्का, तुमी न्हाई जायचं. किसन माझा दीर हाय, माझं मी बघीन."

तिनं माझ्या गालावरनं हात फिरवला. हाताला माशाचा आणि सोलांचा वास. "तू काय बघशील गो? तुझ्याकडं नदी काय मागत्येय थोडीच. मुंडी माझ्या पातेल्यातली गेली." आणि मला लहान पोर सरकवावं तसं सरकवून ती गेली. तिच्या हातांत ताकद होती, सांगितलंच मघाशी.

आमच्या ह्यांनी सांगून बघितलं. नामा भोयानं तर मासे आणायचंच बंद केलं. म्हणाला, मासाच नसला तर मुंडी कुठली? तर ही पहाटे दुसऱ्या भोयाकडनं आणू लागली. जमादारही एकदा आला, अधू पाय ओढत. म्हणाला, "आक्का, चूक माजी हाय, मी टाकली मुंडी. मी जातो घाटावर." ती म्हणाली, "तुझं नाव घेतलं तर ती तुझ्या पोरांची मागेल. बस. जेव." त्याला जेवण गेलं नाही.

वैशाखातली सकाळ. उजाडलेलं होतं, मी भाकरी थापत होते. येसबा परीट बोळातनं धावत आला, पागोटं गळ्यात पडलेलं. दारातच बसला. त्याला दम धरवत नव्हता.

"म्हातारी गेली," तो म्हणाला.

वरच्या अंगानं धुणं घेऊन जाताना त्यानं पाहिलं होतं. आक्का शेवटच्या पायरीवर उतरली. टोपली बाजूला ठेवली. वाकली. त्यानं वरनं हाक मारली, "आक्का, मागं सरा!" तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलंसुद्धा. आणि पाणी उभं राहिलं. "येक शबुद न्हाई केला वो तिनं," तो सारखं तेच सांगत होता. "येक शबुद न्हाई."

पेठ लोटली घाटावर. भोयांनी होड्या काढल्या, ढोल बडवले, बांबू खुपसले. दुपारी टोपली खालच्या वळणावर लव्हाळ्यात अडकलेली मिळाली. बाकी काही नाही. मी तिच्या खानावळीत गेले. चूल सारवून ठेवलेली होती. पाटा धुऊन उभा केलेला. वाटीत सोलं भिजत होती, पाणी लालभडक झालं होतं. ती वाटी मी किती वेळ हातात धरून उभी होते, माहीत नाही.

खानावळीला कुलूप लागलं. जमादार एकदा पोरं घेऊन आला, कुलूप बघितलं, टोपी काढून दगडावर बसला. पोरं उपाशी होती. त्यांना तसंच टांग्यात बसवलं आणि घेऊन गेला. त्यानंतर तो आमच्या बोळात दिसला नाही.

लढाई संपली म्हणून त्या पावसाळ्यात गावात साखर वाटली. माझ्या तोंडाला ती कडू लागली. किसनचा पत्ता नव्हता. सासूबाईंनी विचारणं सोडून दिलं होतं, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी शेजारच्या कुलपाचा आवाज आला. कुणीतरी ते हलवत होतं. बाहेर येऊन बघते तर खाकी कपड्यातला एक हडकलेला, पिवळा पडलेला माणूस. गालात खळी नव्हती, तिथं खड्डा होता. मी ओळखलं नाही. त्यानं डावा कान माझ्याकडं वळवला, उजव्यानं त्याला ऐकू येत नव्हतं, आणि म्हणाला, "वैनी, आक्का कुठं गेली? माजी शेपटी हाय तिच्याकडं."

मुंडी खाऊन गेलेला परत आला होता. आधी घरी नाही, कबूल केल्याप्रमाणे तिच्याच दारात.

मी त्याला सगळं सांगितलं. त्याच्या ऐकू येणाऱ्या कानात सांगितलं. तो रडला नाही, नुसता कुलपाकडं बघत राहिला. मी ह्यांना सासूबाईंकडं धाडलं आणि नामा भोयाला निरोप दिला. नाम्यानं मरळ आणला, माझ्या दारात ठेवला. मी आक्काच्या हातच्यासारखं कालवण केलं, जमेल तसं. सोलं तिच्याच वाटीतली, मी वाळवून ठेवली होती. किसनच्या ताटलीत शेपटीचा तुकडा वाढला.

त्यानं तो पत्रावळीच्या पानावर घेतला आणि उठला. "तिच्याकडं ठिवलेली हुती," म्हणाला. "तिलाच देऊन येतो."

मी मागं धावले. घाट ओस होता. ऊन पायऱ्यांवर चरचरत होतं आणि पाणी हिरवं, संथ, जसं काही कधी घडलंच नव्हतं. तो उतरत गेला. शेवटच्या पायरीच्या वर थांबला. पान पुढं केलं.

मी त्याचं मनगट धरलं. "नदीला न्हाई," मी म्हटलं. "तिला लय मिळालं. ही तुझी हाय. आक्कानं मुठीत धरून ठेवली ती तुझ्यासाठी. हितं बस आन् खा."

तो वरच्या पायरीवर बसला. बोटांनी चाचपून, एकेक काटा बाजूला काढून, हळूहळू त्यानं तो तुकडा खाल्ला. काटेसुद्धा पाण्यात पडू दिले नाहीत, पानात गुंडाळून खिशात ठेवले.

आमच्याकडं नदीवरनं उठताना माणूस हात जोडतो आणि "येतो गं माय" म्हणतो. किसन उठला, पाण्याकडं एकदा बघितलं आणि हात न जोडताच पायऱ्या चढू लागला.